परमिट रूममध्ये भेदभाव झाला, बिलात फसवलं: तक्रार कोणत्या क्रमाने करायची

टेबल एकच होतं. माझ्यासमोर काचेचा ग्लास आला, मित्रासमोर पांढरा प्लास्टिकचा, पिऊन फेकून द्यायचा. मित्र महापालिकेच्या सफाई खात्यात आहे आणि पाळी संपवून खाकी शर्टातच आला होता. वेटर म्हणाला, "काचेचे संपले." त्यानंतर बसलेल्या दोन टेबलांवर काचेचेच ग्लास गेले. मित्र अनुसूचित जातीचा आहे आणि गल्ल्यावरच्या माणसाला ते चांगलं ठाऊक होतं, कारण दोघं एकाच वस्तीत वाढलेले. त्याच रात्री शेंगदाणे खवट निघाले, आणि बिलात न मागितलेली पाण्याची बाटली व सेवा शुल्क लावलेलं होतं.

घरी येऊन मी हे सगळं एकाच पत्रात लिहिलं आणि ग्राहक हेल्पलाइनवर टाकलं. बारवाल्याने बाटलीचे आणि सेवा शुल्काचे पैसे परत केले, तक्रारीवर 'निकाली' असा शेरा पडला. ग्लासाबद्दल अवाक्षर नव्हतं. दुसरं पत्र लिहायला घेतलं तोवर त्या रात्रीचं सीसीटीव्ही चित्रण पुसलं गेलं होतं.

तेव्हापासून ओळखीपाळखीतल्या बऱ्याच जणांच्या तक्रारी लिहून दिल्या आणि जवळपास प्रत्येक वेळी हीच चूक दिसली. वाईट सेवा आणि भेदभाव या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांची कार्यालयं, कायदे, पुरावे आणि मुदती सगळं वेगळं आहे. एकत्र लिहिल्या की सोपी तक्रार निकाली निघते आणि अवघड तक्रार तिच्याखाली गाडली जाते. खालचा क्रम महाराष्ट्रातल्या परमिट रूमसाठी आहे.

## आधी स्वतःची बाजू तपासा

बारवाल्याचा वकील पहिला प्रश्न तुमच्याबद्दलच विचारणार. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५. दारू पिण्याचा परवानाही लागतो. एक दिवसाचा बारमध्येच मिळतो. 'परमिट रूम' हे नाव त्यावरूनच आलं. वय कमी असेल किंवा परवाना नसेल आणि त्या कारणाने दारू नाकारली असेल, तर तो भेदभाव नाही. झिंगलेल्या किंवा दंगा करणाऱ्या माणसाला नाकारण्याचा अधिकारही मालकाला आहे.

मात्र 'प्रवेशाचे हक्क राखीव' ही पाटी म्हणजे सर्वाधिकार नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीची ठिकाणं यांची नावं घेऊन सांगितलं आहे की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला तिथे अटकाव करता येणार नाही. कुठलीही पाटी यापेक्षा मोठी नाही.

## टप्पा १: बसल्या जागी पुरावा गोळा करा

१. प्रकार लक्षात आला की पिणं तिथेच थांबवा. "साहेब, ते नशेत होते" हे बारवाल्याचं ठरलेलं उत्तर असतं. बिलावर पेग दोनच असतील तर ते लंगडं पडतं.

२. जे वेगळं केलं गेलं ते एकाच चौकटीत दिसेल असा फोटो घ्या. आमच्या बाबतीत दोन्ही ग्लास एका फोटोत हवे होते. मी फक्त प्लास्टिकच्या ग्लासाचा घेतला, आणि एकट्या प्लास्टिकच्या ग्लासाने काहीच सिद्ध होत नाही.

३. नकार किंवा फरक कशामुळे, ते शांतपणे विचारा: "यांना काचेचा का नाही?" मिळालेलं उत्तर शब्दशः लक्षात ठेवा, फोनवर टिपून घ्या. शिवी असेल तर शिवीही तशीच्या तशी.

४. सोबत न पिणारा कोणी असेल तर त्याला साक्षीदार धरा. शेजारच्या टेबलावरचा कोणी स्वतःहून बाजू घेत असेल तर त्याचा फोन नंबर घ्या.

५. बिल मागाच. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. कागदाच्या चिठोऱ्यावर आकडा लिहून दिला तर त्याचाही फोटो ठेवा.

६. पैसे यूपीआयने द्या. रक्कम आणि वेळ आपोआप नोंदली जाते.

> सावधान: वाद असला तरी बिल बुडवून उठू नका. उठलात की तक्रारदार तुम्ही राहत नाही, तो होतो. बिलाच्या मागे 'हरकत ठेवून पैसे दिले' असं लिहा, तारीख-वेळ टाका, फोटो काढा आणि मग पैसे द्या.

> सावधान: आरडाओरडा बाहेर रस्त्यावर नेऊ नका. दारूच्या अमलाखाली सार्वजनिक जागी दंगा करणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाच्या कलम ८५ खाली गुन्हा आहे आणि तो तुमच्यावरच उलटतो. धक्काबुक्की किंवा धमकी झाली तर ११२ वर फोन करा. त्या फोनची वेळेसकट नोंद राहते.

चित्रीकरण करताना इतर गिऱ्हाइकांचे चेहरे, विशेषतः बायकांचे, टिपू नका. आणि वेटरवर राग काढू नका. बऱ्याचदा तो मालकाचा हुकूम पाळत असतो, आणि उद्या खरं सांगणारा एकमेव माणूस तोच असू शकतो.

## टप्पा २: मालकाशी एकदाच, मुद्द्यापुरतं बोला

मॅनेजरला किंवा मालकाला गाठून दोनच गोष्टी सांगा: काय झालं, आणि आजचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा. लगेच त्याच अर्थाचा संदेश बारच्या व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर पाठवा. टेबल कुठलं आणि वेळ काय, हे त्यात असू द्या. चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. लेखी सांगूनही पुसलं, तर त्याचा जाब मालकाला द्यावा लागतो.

इथे पैशांचा सौदा करू नका. "इतके द्या, नाहीतर रिव्ह्यू टाकतो" हे वाक्य तोंडातून गेलं की खंडणीचा आरोप लागू शकतो. ज्याचा अपमान झाला तोच कोपऱ्यात जाऊन माफी स्वीकारून मोकळा होऊ पाहत असेल, तर तोही त्याचा हक्क आहे. मित्राच्या वतीने आपण भांडत सुटायचं नाही. त्याला त्याच भागात राहायचं असतं, त्याच रस्त्यावर काम करायचं असतं. आधी त्याला विचारा.

## टप्पा ३: झोपण्यापूर्वी टिपण, सकाळी दोन पानं

रात्री फोनवर जमेल तसं लिहून ठेवा. सकाळी डोकं स्वच्छ असताना त्याची दोन पानं करा. एकावर 'सेवा आणि बिल', दुसऱ्यावर 'वागणूक'. प्रत्येक गोष्ट एकाच पानावर जाते. खवट शेंगदाणे पहिल्या पानावर, ग्लास दुसऱ्या.

दुसऱ्या पानावर विशेषणं नकोत. 'अत्यंत अपमानास्पद वागणूक दिली' याने कोणाला काहीच कळत नाही. असं लिहा: 'रात्री ९.४० च्या सुमारास वेटरने मला काचेचा आणि माझ्या मित्राला प्लास्टिकचा ग्लास दिला. कारण विचारल्यावर काचेचे संपल्याचं सांगितलं. ९.५५ वाजता शेजारच्या टेबलावर चार काचेचे ग्लास आणले गेले.' या तीन वाक्यांना उत्तर देणं मालकाला जड जातं.

> तपासा: मूळ फोटो आणि व्हिडिओ ज्या फोनने घेतले त्यातच आहेत ना? व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली प्रत दाबली जाते, तिची मूळ माहिती जाते. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी मूळ फोन हाताशी हवा.

## टप्पा ४: तक्रार नक्की कोणाविरुद्ध?

पाटीवरचं नाव आणि परवानाधारकाचं नाव पुष्कळदा वेगळं असतं. पाटी एकाची, परवाना दुसऱ्याचा, बार चालवणारा तिसराच. 'अमुक बार' एवढंच लिहून पाठवलेली नोटीस "इथे असा कोणी नाही" म्हणून परत आलेली मी पाहिली आहे.

नाव शोधायची जागा बिलावरच आहे. जीएसटी क्रमांक १५ अंकाक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की कायदेशीर नाव दिसतं. खाद्य परवान्याचा १४ अंकी क्रमांकही बिलावर हवा. परमिट रूमचा परवाना एफएल-३ प्रकारचा असतो, तो जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो आणि देखरेख राज्य उत्पादन शुल्क विभागाची असते. देशी दारूचा बार असेल तर सीएल-३. तक्रारीत पाटीवरचं नाव, कायदेशीर नाव आणि पूर्ण पत्ता, तिन्ही लिहा.

## टप्पा ५: पहिलं पान, सेवा आणि बिल

हे पान सोपं आहे, पण यात चुकीचे मुद्दे घातले की बरोबर मुद्द्यांचंही वजन जातं.

छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं. सगळ्यात जास्त येणारी आणि सगळ्यात लवकर पडणारी तक्रार. बसवून वाढणारी हॉटेलं बाटलीबंद पाण्याला छापील किमतीहून जास्त आकारू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच स्पष्ट केलं. बाटली मागितली नव्हती, किंवा मेनूवरच्या दरापेक्षा बिलात जास्त लावलं, तर मात्र तक्रार पक्की आहे. म्हणून मेनूच्या पानाचा फोटो हवाच.

सेवा शुल्क. ते बिलात आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या उचलून धरल्या. आधी काढून टाकायला सांगा, नकार दिला तर तक्रार करा.

कर. दारूवर जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट लागतो. जीएसटी फक्त खाण्याच्या रकमेवर. एकूण बेरजेवर सरसकट जीएसटी लावला असेल तर आकडेमोड करून लिहा.

पेग कमी भरला. स्मॉल म्हणजे ३० मिलिलिटर, लार्ज म्हणजे ६०. माप प्रमाणित आणि शिक्का मारलेलं हवं. पेग डोळ्यांसमोर मोजून ओतायला सांगा. क्वार्टर मागवली असेल तर सीलबंद बाटली टेबलावर आणायला लावा. नंतर "कमी वाटला" म्हणण्याला अर्थ नाही. मापाबद्दलची तक्रार वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे जाते, शिळ्या-खराब खाण्याबद्दलची अन्न व औषध प्रशासनाकडे.

बाकी सगळ्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. लहान रकमेचे वाद इथेच मिटतात, आणि मिटले तर मिटू द्या. फक्त तडजोडीच्या संदेशात 'या तडजोडीने माझी वागणुकीबद्दलची स्वतंत्र तक्रार संपत नाही' हे वाक्य घाला. मी ते घातलं नव्हतं.

## टप्पा ६: दुसरं पान, भेदभाव

इथे घाई नको, पण दिरंगाई तर मुळीच नको. भेदभाव कशावरून झाला यावर रस्ता ठरतो.

जात, आणि पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची असेल. थेट पोलीस ठाणं. वेगळा ग्लास, वेगळी जागा किंवा आत येण्यास मनाई, हे नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ च्या कलम ४ मध्ये येतं. उपाहारगृहातली भांडी वापरू न देणं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. याच कायद्याच्या कलम १२ मुळे, पीडित अनुसूचित जातीचा असेल तर अटकाव अस्पृश्यतेच्या कारणानेच झाला असं न्यायालय गृहीत धरतं, आणि तसं नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर पडतं. समोरची व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची नसेल तर अत्याचार प्रतिबंध कायदा १९८९ चं कलम ३(१) लागू होतं. सार्वजनिक ठिकाणी प्रवेश किंवा भांडी नाकारणं आणि लोकांसमोर जातीवरून अपमान करणं, दोन्ही त्यात आहेत.

ठाण्यात जाताना क्रम असा ठेवा:

१. पीडित व्यक्तीने स्वतः जावं, सोबत एक साक्षीदार. जातीच्या दाखल्याची प्रत घ्यावी. ती हाताशी नसली तरी थांबू नये, नंतर देता येते.

२. लेखी अर्ज द्या. त्यात चार गोष्टी हव्याच: वापरलेले नेमके शब्द किंवा कृती, ती पाहणारे-ऐकणारे कोण, समोरच्याला जात माहीत होती ती कशी, समोरचा कोण आणि त्याचं तिथलं काम काय. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. 'आम्ही एकाच वस्तीतले, तो आमच्या घरच्यांना ओळखतो' एवढं वाक्यही मोलाचं आहे. ओळख असेल तर जात माहीत होती असं कायदाच गृहीत धरतो.

३. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी हवी असं कोणी म्हणालं, तर अत्याचार प्रतिबंध कायद्याचं कलम १८अ दाखवा. ती गरज २०१८ च्या दुरुस्तीने काढली आहे. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तरही चालत नाही; कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते.

४. एफआयआरची प्रत मोफत मिळते. घेतल्याशिवाय उठू नका. वाचून बघा, तुमचे शब्द गुळगुळीत केलेले असतील तर सहीआधी दुरुस्त करून घ्या. 'किरकोळ वाद झाला' हे शब्द दिसले तर सही थांबवा.

५. नोंद घेतलीच नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना, शहरात पोलीस उपायुक्तांना, टपालाने पाठवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये ही सोय आहे. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. सोबत राष्ट्रीय अत्याचार प्रतिबंध हेल्पलाइन १४५६६ वर नोंद करा, आणि अर्जाची प्रत जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांना द्या.

> तपासा: तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे का? हवालदार जबाब घ्यायला आला तर जबाब द्या, पण तपास अधिकाऱ्याचं नाव विचारून लिहून ठेवा.

तृतीयपंथी व्यक्ती. वस्तू किंवा सेवा नाकारणं तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्क संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्याने मना आहे, आणि सार्वजनिक जागेत प्रवेश नाकारणं शिक्षापात्र. अर्ज पोलीस ठाण्यातच द्यायचा.

अपंगत्व. लोकांसमोर जाणूनबुजून अपमान केला तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम ९२ आहे. पोलिसांखेरीज पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही तक्रार देता येते.

धर्म, प्रांत, भाषा, कपडे, एकटी बाई. इथे स्पष्ट बोललेलं बरं. अनुच्छेद १५(२) धर्म, लिंग आणि जन्मस्थानासाठी आहे, पण खासगी बारवाल्याला त्याखाली थेट शिक्षा करणारा वेगळा कायदा नाही. कपड्यांवरून किंवा भाषेवरून नाकारलं तर आधार आणखी पातळ. म्हणून दबाव परवान्याच्या बाजूने आणायचा. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षकांना लेखी तक्रार, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. शिवीगाळ, विनयभंग किंवा धमकी झाली असेल तर तो भाग पोलिसांकडे. ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांना 'टेबल नाही' सांगून पाठोपाठ आलेल्यांना बसवलं जातं, तेव्हा रिकाम्या टेबलांचा वेळेसह फोटो आणि मागून आत गेलेल्यांची संख्या हाच पुरावा असतो.

जातीच्या प्रकरणातही परवान्याबद्दलचं पत्र द्याच. बारवाल्याला कोर्टाच्या तारखेपेक्षा परवान्याच्या नूतनीकरणाची धास्ती जास्त असते.

## टप्पा ७: ग्राहक आयोग कधी?

तुम्ही पैसे दिले असतील, किंवा द्यायचं कबूल केलं असेल, तरच तुम्ही कायद्याने 'ग्राहक'. दारातूनच परत पाठवलं आणि काही घेतलंच नाही, तर आयोगापुढे पाय रोवणं कठीण. टेबलासाठी आगाऊ रक्कम किंवा प्रवेश शुल्क दिलं असेल तर चित्र बदलतं. ही फोड न समजल्याने चांगल्या तक्रारी पहिल्याच दिवशी परत येतात.

पात्र असाल तर घटनेपासून २ वर्षांच्या आत, तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्याच्या आयोगात, ई-जागृती संकेतस्थळावरून तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील सक्तीचा नाही. आधी बारवाल्याला १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. भरपाई मागताना हजाराच्या बिलावर दहा लाख मागू नका. आकड्याला आधार दाखवता आला पाहिजे.

## टप्पा ८: रिव्ह्यू आणि पाठपुरावा

रिव्ह्यू लिहायचा तर तक्रारी दाखल झाल्यावर. घडलं तेवढंच लिहा, तारीख लिहा. वेटरचं नाव आणि 'सगळे तसलेच' असली वाक्यं टाळा. आधी व्हिडिओ व्हायरल केला की मालक सावध होतो, साक्षीदार गप्प होतात आणि बदनामीची नोटीस घरी येते.

पत्र दिल्यावर महिनाभर हालचाल नसेल तर राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहितीचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, विषय एकच ठेवा, मजकूर १५० शब्दांच्या आत. 'का केलं नाही' असं विचारू नका. का-ला उत्तर देणं बंधनकारक नसतं. असं लिहा: 'अमुक तारखेच्या माझ्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची टिपणी, तपासणी अहवाल आणि परवानाधारकाला पाठवलेल्या पत्रांच्या प्रती द्याव्यात.' ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे पुढच्या ३० दिवसांत अपील. दोन्ही तारखा अर्ज टाकला त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.